पुण्याहून दिवेआगर ते हेदवी : भरती-ओहोटीचे गणित सांभाळून सागरी मार्गाचा प्रवास

सागरवाट

कोकणातल्या किनारी रस्त्याने जायचे ठरले की पुण्यात बहुतेक जण नकाशा उघडून किलोमीटर मोजतात आणि त्यावरून मुक्काम ठरवतात. माझे मत असे आहे की या रस्त्यावर किलोमीटरला फारसा अर्थ नाही. सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी आणि शास्त्री या नद्यांच्या खाड्या किनाऱ्याचे तुकडे करतात. त्यांतल्या काहींवर पूल आहेत, तर काही ठिकाणी गाडी जेटीने, म्हणजे वाहने नेणाऱ्या फेरीबोटीने, पलीकडे न्यावी लागते. शिवाय जी ठिकाणे पाहायला आपण एवढे लांब जातो, त्यांतली निम्मी भरतीला वेगळी असतात आणि ओहोटीला वेगळी. म्हणून आखणी दिनदर्शिकेतली तिथी पाहून करावी, असे मी आग्रहाने सुचवतो आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ पाऊणकीने काढतात. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा आणि अमावास्येला सरळ दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरती धरावी. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. या हिशेबात अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी छापील कोष्टकावरून खात्री करून घ्यावी. मात्र घरी बसून मुक्काम ठरवायला हे गणित पुरेसे आहे.

आता प्रत्यक्ष वाट सांगतो. हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या दिवशी पहाटे पुणे सोडावे आणि पौड, मुळशी, ताम्हिणी घाटमार्गे माणगावला उतरावे. तिथून म्हसळा आणि बोर्ली पंचतन करून दुपारच्या जेवणाला दिवेआगरला पोहोचावे. जेवण एखाद्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवावे, कारण उकडीचे मोदक वेळेवर गेल्यावर मिळत नाहीत. दिवेआगरच्या बागेत १९९७ साली तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणेश मुखवटा सापडला, २०१२ साली त्याची चोरी झाली आणि २०२१ साली तो पुन्हा मंदिरात विराजमान झाला. सुवर्णगणेशाइतकीच गर्दी खरे तर रूपनारायणाच्या देवळालाही व्हायला हवी. तिथली विष्णुमूर्ती शिल्प म्हणून फार वरच्या दर्जाची आहे.

दिवेआगरहून श्रीवर्धनला जाताना आतल्या रस्त्याने न जाता आरावीवरून किनाऱ्याने जावे. एका बाजूला डोंगराचा उतार आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र असा हा पट्टा, माझ्या मते, रायगड जिल्ह्यातला सर्वांत देखणा रस्ता आहे. तिथे गाडी थांबवायला जागा आहे आणि थांबलेच पाहिजे. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचे गाव. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे ते घाटावर आले आणि पुढे पेशवे झाले. पेशव्यांच्या पुण्याची सुरुवात या सुपारीच्या बागांतून झाली, हे इथे उभे राहिल्यावर मनाला फार भिडते.

हरिहरेश्वरला साडेचारच्या सुमारास पोहोचलात तर वेळ बरोबर जुळते. प्रथेप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव असे दर्शन घ्यावे. त्यानंतर डोंगराच्या कडेने पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेला लागावे. लाटांनी कातलेल्या खडकांवरून जाणारी ही वाट केवळ ओहोटीतच चालता येते, आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी सर्वांत खाली गेलेले असते. पाणी उतरत असताना उतरावे, चढू लागण्यापूर्वी बाहेर यावे. या खडकांवरून लाटेने माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत, त्यामुळे समुद्र खवळलेला दिसला तर प्रदक्षिणा सोडून द्यावी.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या जेटीवरून सावित्री ओलांडून वेश्वीला उतरले की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. पुढे बाणकोट, वेळास, केळशी, आडे, पाडले आणि अंजर्ले असा दिवस जातो. केळशी ते अंजर्ले हा रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली तर मागे सरकावे लागते, पण आड्याच्या आणि पाडल्याच्या उतारांवरून दिसणारा समुद्र पाहता त्याची तक्रार करावीशी वाटत नाही. संध्याकाळी अंजर्ल्याच्या खाडीवरच्या पुलावरून हर्णैला जाऊन मासळीचा लिलाव पाहावा आणि मुक्काम अंजर्ल्याला करावा. तिसरा दिवस सुवर्णदुर्ग, मुरुड आणि आसूदसाठी ठेवून संध्याकाळच्या जेटीने दाभोळहून धोपाव्याला जावे आणि गुहागरला मुक्काम करावा. चौथ्या दिवशी, म्हणजे तृतीयेला, भरती सव्वादोनला येते. त्या वेळी हेदवीच्या बामणघळीपाशी, म्हणजे भरतीचे पाणी जिथे उंच उसळते त्या कातळातल्या भेगेपाशी, असावे. पाचव्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, सातारा असे परत पुण्याला.

यात कोणाला भर घालायची असेल किंवा मतभेद असेल तर अवश्य लिहावे.

डेक्कन_जिमखाना

आखणी उत्तम आहे. मात्र एवढ्या लांब जाऊन जंजिरा वगळणे पटत नाही. दिघीहून आगरदांड्याला जेटी आहे, दिवेआगरपासून दिघी जवळच आहे. पहिल्याच दिवशी जंजिरा का घेऊ नये?

सागरवाट

जंजिरा घ्यायचा असेल तर त्याला स्वतंत्र दिवस द्यावा, असे माझे ठाम मत आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाणे, तिथली रांग, किल्ला नीट पाहणे आणि परत येणे यात अर्धा दिवस सहज जातो. नंतर आगरदांडा-दिघी जेटी करून तुम्ही हरिहरेश्वरला अंधारात पोहोचाल आणि त्या दिवशीची ओहोटी हुकेल. ज्यांना पाच मुक्काम शक्य आहेत त्यांनी पहिला मुक्काम मुरुड-जंजिऱ्याला करावा आणि पुणे चतुर्दशीला सोडावे. बाकी सर्व वेळापत्रक तसेच राहील.

वाशिष्ठीकाठ

माझे मूळ गाव गुहागर तालुक्यात आहे आणि नोकरीमुळे आयुष्य कोथरूडमध्ये गेले. पाऊणकीचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला पाहून समाधान वाटले. आमच्याकडे शिंपल्या काढायला जाणाऱ्या बायका आजही असाच हिशेब करतात. त्याला एक जोड देतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी ना धड चढते ना धड उतरते. बामणघळीला उधाणाचे दोन-तीन दिवस सोडून गेलात तर भर भरतीतही काही विशेष दिसेलच असे नाही. त्यामुळे सागरवाट यांनी तृतीया धरली आहे ती योग्यच आहे. तृतीयेपुढे मात्र जाऊ नये.

बामणघळ म्हणजे किनाऱ्यावरच्या काळ्या कातळात पडलेली अरुंद, लांब भेग. भरतीचे पाणी तिच्यात शिरते, पुढे जायला जागा उरत नाही आणि लाटेचा सगळा जोर वरच्या दिशेने फुटून पाण्याचा उंच स्तंभ उसळतो. हेदवीच्या उमामहेश्वराच्या देवळापासून खडकावरून चालत तिथे जाता येते. खडक शेवाळलेले असतात. भेगेच्या काठाशी छायाचित्रासाठी उभे राहणे जिवावर बेतू शकते, म्हणून लांबून आणि समुद्राकडे तोंड करूनच उभे राहावे. हेदवीतच टेकडीवर दशभुज लक्ष्मीगणेशाचे देऊळ आहे, ते भरतीच्या आधी पाहून घ्यावे.

दाभोळबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण पुण्याहून येणारे लोक जेटीची रांग पाहून घाईने गाडी चढवतात आणि दाभोळ न पाहताच पलीकडे जातात. बहामनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. इथून अरबस्तान आणि इराणकडे जहाजे जात. पंधराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परतीच्या वाटेवर दाभोळहूनच जहाजात बसला. त्या वैभवाची खूण म्हणून विजापूरच्या धाटणीची, घुमट आणि मिनारांची सतराव्या शतकातली मशीद जेटीच्या अगदी जवळ उभी आहे. गावात तिला अंडा मशीद म्हणतात. गावाच्या वरच्या अंगाला चंडिकेचे गुहेतले देऊळ आहे. आत विजेचा दिवा नाही, तेलाच्या समयांच्या उजेडात वाकून जावे लागते आणि डोळे सरावल्यावर देवीची मूर्ती दिसते. या दोन ठिकाणांसाठी एक जेटी सोडून पुढची घ्यावी लागली तरी घ्यावी. पलीकडे जाताना डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना वाशिष्ठीचे विस्तीर्ण मुख दिसते, आणि अंजनवेलच्या डोंगरावर गोपाळगड व वीजप्रकल्प शेजारी शेजारी दिसतात.

आणखी एक कळकळीची विनंती. गाडी पुळणीवर उतरवू नये. ओली वाळू वरून घट्ट दिसते, पण चाक एकदा फिरू लागले की खाली बसत जाते, आणि भरती गाडी निघण्याची वाट पाहत नाही. पाणी चढू लागल्यावर ट्रॅक्टर शोधत धावणारे पर्यटक आमच्या गावांना दर हंगामात दिसतात. खारे पाणी एकदा आत शिरले की गाडीचे जे व्हायचे ते होतेच, शिवाय ज्या वाळूत कासवे अंडी घालतात तीच वाळू चाकांखाली दडपली जाते.

बकुळीचे_झाड

माझ्या सासूबाई आणि सासरे दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत आणि दोघांनाही गुडघेदुखी आहे. त्यांना समुद्र आणि देवळे दोन्ही हवी आहेत. वरच्या ठिकाणांपैकी कोणती त्यांना झेपतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे. एवढ्या जेटींमध्ये त्यांना त्रास तर होणार नाही ना?

वाशिष्ठीकाठ

जेटीचा त्रास होणार नाही. गाडीतच बसून राहता येते, ओलांडायला फार वेळ लागत नाही, आणि खाडीचे पाणी उघड्या समुद्रासारखे हेलकावत नाही. एवढेच पाहावे की अगदी पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि तो निसरडा असतो, म्हणून त्यांना धक्क्यावर चालायला लावू नये. गाडी चढल्यावर किंवा उतरल्यावरच बाहेर काढावे.

देवळांपैकी दिवेआगर सपाटीला आहे. केळशीचे महालक्ष्मी मंदिर आणि गुहागरचा व्याडेश्वर ही दोन्ही देवळे गावातच आहेत, गाडी जवळ जाते. अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती नावाला कड्यावर असला तरी वरपर्यंत गाडीरस्ता आहे, आणि तिथून दिसणारा सुवर्णदुर्ग आणि खाडी बघायला वृद्धांना अवश्य न्यावे. उजव्या सोंडेची ती मूर्ती प्रसिद्ध आहे. हरिहरेश्वरला दर्शन होईल, प्रदक्षिणा नाही. तिथल्या पायऱ्या उभ्या आहेत. आसूदच्या केशवराजाला मात्र नेऊ नये. पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या नारळी-पोफळीतून जाणारी ती वाट रत्नागिरी जिल्ह्यातल्या सर्वांत सुंदर पायवाटांपैकी एक आहे, पण वहाळ ओलांडल्यावर चढण आहे. तुमच्यापैकी दोघांनी वर जावे, दोघांनी त्यांच्याबरोबर खाली व्याघ्रेश्वराच्या देवळात थांबावे; ते देऊळही जुने आणि शांत आहे.

रानपाखरू

वेळासचा उल्लेख एका शब्दात आला आहे, म्हणून लिहीत आहे. प्रवास फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असेल तर दुसरा मुक्काम अंजर्ल्याऐवजी वेळासला करावा. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी थंडीत या पुळणीवर येऊन खड्डा करून अंडी घालतात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री नेत असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ सालापासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत हलवली जातात, वर टोपली झाकलेली असते, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपल्या उचलून पाहतात आणि पिल्ले निघाली असतील तर वाळूवर सोडतात. ती स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत चालत जातात. त्यांना हात लावायचा नसतो, त्यांच्या वाटेत उभे राहायचे नसते आणि फ्लॅश वापरायचा नसतो. एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. म्हणूनच तिथे मुक्काम करावा असे म्हणते. मुक्काम केला तर संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन संधी मिळतात.

राहण्याची सोय गावकऱ्यांच्या घरीच होते. ओटीवर झोपायला जागा, जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी. या पाहुण्यांमुळे कासवाचे जिवंत पिल्लू गावाला अंड्यापेक्षा अधिक मोलाचे झाले, आणि ही गोष्ट मला या संपूर्ण किनाऱ्यावर सर्वांत महत्त्वाची वाटते. पुणेकरांसाठी आणखी एक नाते म्हणजे वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. लक्ष्मी रस्त्यावरून बेलबागेसमोरून रोज जाणाऱ्यांनी ती बाग उभारणाऱ्याचे गाव एकदा पाहावे.

गडवाट

सुवर्णदुर्गासाठी सकाळचीच वेळ ठेवावी, कारण दुपारनंतर वारा वाढतो आणि होडी लावणे अवघड होते. किल्ल्याला धक्का नाही, होडी पुळणीला लागते आणि पोटरीभर पाण्यात उतरावे लागते. निघण्यापूर्वी होडीवाल्याशी परतीची वेळ स्पष्ट ठरवून घ्यावी. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत. सुवर्णदुर्गाचा तट अजून भक्कम आहे, आत मात्र झाडोरा माजलेला असतो, म्हणून पूर्ण लांबीची पँट आणि बूट आवश्यक आहेत. प्रवेशद्वाराच्या पायरीवरचे कासव आणि भिंतीवरचा मारुती पाहायला विसरू नये.

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे बळकट ठाणे १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतले, आणि तेही तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केल्यामुळे. पुढच्याच वर्षी विजयदुर्गावर मराठ्यांचेच आरमार जळाले. किनाऱ्यावरून कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला यांच्यामधून सुवर्णदुर्गाकडे पाहताना त्या निर्णयाची किंमत समजते. पुण्यात बसून झालेला तो निर्णय होता, हे आपण पुणेकरांनी विसरू नये असे मला मनापासून वाटते.

डेक्कन_जिमखाना

जंजिऱ्याबाबतचे म्हणणे पटले, चतुर्दशीला निघण्याचा विचार करतो. मुरुडला काय पाहावे, हे कोणी सांगेल का? दापोलीजवळचे मुरुड म्हणतो आहे, जंजिऱ्याचे नव्हे.

सागरवाट

दुर्गादेवीचे देऊळ पाहावे, आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे स्मारक पाहावे. जन्म आजोळी शेरवलीला झाला, पण ते वाढले मुरुडला. शालेय वयात परीक्षेला बसण्यासाठी ते मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. तुम्ही परत येताना कुंभार्ली घाट चढून साताऱ्यावरूनच येणार आहात. मोटारीतही तो टप्पा लांबलचक वाटतो, तेव्हा पावसाळ्यात पायी निघालेल्या त्या मुलाची जिद्द ध्यानात येते. हिंगण्याच्या माळावर त्यांनी पुढे स्त्रीशिक्षणाचे जे काम उभे केले ते आपण जाणतोच.

मुरुडहून दाभोळकडे जाताना कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे अशी वाट आहे. वेळ कमी असेल तर लाडघर आणि कोळथरे सोडता येतील, पण आसूद सोडू नये.

नवी_चाके

आमच्याकडे फक्त दोन मुक्काम आहेत आणि सुटी जुलैमध्ये मिळणार आहे. यातले काय करता येईल?

गडवाट

जुलैमध्ये हा प्रवास या स्वरूपात करू नये. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे हर्णैचा लिलाव नसतो, किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, कासवांचा हंगाम संपलेला असतो, आणि हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेकडे तर फिरकूही नये. ताम्हिणीत धुके आणि दरडी दोन्ही असतात. पावसाळ्यातच जायचे असेल तर एकाच ठिकाणी, गुहागरला किंवा दापोलीला, दोन्ही मुक्काम करावेत, जाता-येता कुंभार्ली घाट वापरावा आणि आसूद, पन्हाळेकाजी यांसारखी आतली ठिकाणे पाहावीत. कोटजाई नदीच्या काठच्या पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत, बौद्ध, शैव आणि नाथपंथी अशा वेगवेगळ्या काळांच्या खुणा एकाच ओळीत दिसतात, आणि पावसात तो परिसर फार सुंदर असतो. नदीला पूर असेल तर मात्र वाट पाहावी.

नोव्हेंबरनंतर दोन मुक्काम मिळाले तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला निघून हरिहरेश्वर आणि अंजर्ले असे मुक्काम करावेत, आणि तिसऱ्या दिवशी दापोली, मंडणगड, महाड, माणगाव करून ताम्हिणीनेच परतावे. वाशिष्ठी ओलांडू नये. एकदा दाभोळपलीकडे गेलात की परतीचा घाट बदलतो आणि एक दिवस वाढतो.

बकुळीचे_झाड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हेदवीहून पुढे गणपतीपुळ्याला जायचे झाल्यास तवसाळची जेटी संध्याकाळी किती वाजेपर्यंत असते?

वाशिष्ठीकाठ

शेवटच्या फेरीची वेळ हंगामानुसार बदलते, म्हणून इथे आकडा लिहीत नाही. सकाळी गुहागर सोडण्यापूर्वी जेटीवर फोन करून विचारावे. तृतीयेची भरती सव्वादोनला आहे, म्हणजे साडेतीनला हेदवी सोडली तर उजेडातच शास्त्री ओलांडून जयगडला उतरता येईल. जयगडचा किल्ला आणि कऱ्हाटेश्वर दुसऱ्या दिवशी सकाळसाठी ठेवावेत. कऱ्हाटेश्वराला मंदिरापासून समुद्रापर्यंत पायऱ्या आहेत, पण सासू-सासऱ्यांना त्या उतरायची गरज नाही. देवळाच्या आवारातूनच समुद्र समोर दिसतो. परतीला मग कुंभार्ली न घेता रत्नागिरी, साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर असा रस्ता सोयीचा पडेल. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेचा रस्ता घ्यावा आणि वरच्या वळणावर थांबावे.